बंड्या निर्दोष, गोणी आरोपी

पत्र असं आहे :

"डॉक्टरीणबाई, नमस्कार. मी मढच्या कोळीवाड्यात राहते. घरामागे वीतभर परस आहे. सासूबाई होत्या तेव्हा तिथे गावठी कोंबड्या असायच्या. तीन आठवड्यांपूर्वी नातवाने मालाड स्टेशनबाहेरून सहा पिल्लं आणली. दोन गुलाबी, दोन हिरवी, दोन पिवळी. खोक्यात घालून ओट्याखाली ठेवली. तांदळाची कणी आणि चिमूटभर सुका जवळा घालते, पूर्वी तेच घालायचो. आठवड्याच्या आत दोन गेली. एक सकाळी थंडगार पडलेलं मिळालं, दुसरं डोळे मिटून, पंख पाडून बसलं आणि संध्याकाळी गेलं. आता तिसऱ्याच्या पायाची बोटं आत वळलीत, ते गुडघ्यांवर सरकतं.

आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आहे. तो खोक्याजवळ तासन् तास बसतो, म्हणून सगळे म्हणतात पिल्लांनी त्याचा धसका घेतला. दुकानदाराने पाच किलो लेअरचं खाद्य दिलं, म्हणाला याने अंडी लवकर देतील. जाऊ म्हणते, बंड्याच्या पाकिटातलं खाणं चुरून घाला, त्यात ताकद जास्त. तिकडे बंड्याच पिल्लांच्या वाटीत तोंड घालतो. त्याला मी चिकनवाल्याकडून कच्चा कलेजी-पेटा आणते. सून म्हणते, बोक्याला मार्केटात नेऊन सोडा. काय करू? पिल्लांना नक्की काय घालू?"

ताई, आधी बंड्याला सोडवते. पिल्लू मांजराने मारलं तर ते सहसा सकाळी आख्खं, थंडगार मिळत नाही. पिसं मिळतात, नाहीतर काहीच मिळत नाही. तुमची दोन पिल्लं शाबूत गेली. बंड्या खोक्याबाहेर बसून फक्त बघत होता, आणि बघण्याने कोणी मरत असतं तर मढच्या जेट्टीवर मासळी उतरवताना एकही बांगडा टिकला नसता.

पहिलं गेलं ते बहुधा गारठ्याने. तुम्हाला वाटेल, मुंबईत कसला गारठा? पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते. ती आईच्या पोटाखाली मिळते, ओट्याखाली नाही. पावसाळ्यातल्या रात्री आपल्याकडे पारा पंचविसाच्या आसपास असतो, त्यात लादी ओली आणि खिडकीतून खाडीचा वारा. आपल्याला गोधडीसुद्धा नको वाटते अशा हवेत ते कापसाएवढं पिल्लू गारठतं. सासूबाईंच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण कोंबडी खुडूक बसायची आणि पिल्लं डालग्याखाली तिच्या पंखात असायची. या रंगीत पिल्लांना आईच नाही, आई यंत्र होतं.

तुमची उरलेली चार आता तीन आठवडे ओलांडून गेलीत. ऊब दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची असते, म्हणजे त्यांना आता सव्वीस-सत्तावीस पुरे. दिवसा काही नको. पावसाच्या रात्री मात्र खोक्याच्या एका कोपऱ्यावर साठ वॉटचा बल्ब टांगा. दुकानात जाऊन "बल्ब द्या" म्हणाल तर एलईडी हातात देईल. तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना, तारेचा पिवळा बल्ब मागा, आणि तो पुठ्ठ्याला टेकणार नाही असा बांधा. थर्मामीटर आणू नका, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. लांब कोपऱ्यात चोच उघडी टाकून बसली असतील तर फार तापलंय. इकडेतिकडे पसरून झोपली असतील तर तुम्हीही झोपा.

आता बोटं वळलेलं पिल्लू. याचं उत्तर तुमच्या कणीत आहे. कणी म्हणजे सडून पांढरा केलेला तांदूळ. पोट भरतो, पण कोंडा निघून गेलेला असतो आणि त्याबरोबर ब गटातली जीवनसत्त्वंही. त्यातलं रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ कमी पडलं की दहा-पंधरा दिवसांच्या पिल्लाच्या पायाच्या नसा बिघडतात, बोटं मुठीसारखी आत वळतात आणि ते गुडघ्यांवर सरकायला लागतं. अगदी तुम्ही लिहिलंय तसं. सासूबाईंच्या कोंबड्या कणीवर जगल्या कारण कणी हा त्यांचा फक्त नाश्ता होता. बाकी दिवसभर त्या परसात किडे, वाळवी, कोवळा पाला आणि मासळीच्या पाण्यातलं काहीबाही टिपत होत्या. खोक्यातल्या पिल्लाला वाटीत जे पडतं तेवढंच जग.

त्या पिल्लाला आजपासून वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर बाकीची तुडवतील. खाली वर्तमानपत्र नको. कागद घसरतो, पाय फाकतात. भाताचं तूस मिळालं तर उत्तम, नाहीतर तरटाचा तुकडा. पिण्याच्या पाण्यात पक्ष्यांसाठीचं बी-कॉम्प्लेक्सचं औषध, बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. शिवाय उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चुरून दिवसातून दोनदा चिमूट-चिमूट. कोंबडीच्या पिल्लाला कोंबडीचं अंडं घालायचं म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. पण एकवीस दिवस ते बलकावरच वाढलं होतं. बोटं वळून थोडेच दिवस झाले असतील तर सरळ होतात. फार दिवस झाले असतील तर पिल्लू जगेल, पण पाय तसाच राहील, हेही आत्ताच सांगून ठेवते.

दुकानदाराच्या गोणीकडे येते. इथे मला थोडं हसू आलं, माफ करा. स्टेशनबाहेर मिळणारी ही रंगवलेली पिल्लं बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीचे नर असतात. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या पोल्ट्रीत जातात, नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही पुरेसे भरत नाहीत, म्हणून ते रंगात बुचकळून हातगाडीवर येतात. म्हणजे दुकानदाराने अंडी लवकर यावीत म्हणून चक्क नरांना खाद्य विकलं!

हसणं बाजूला. लेअरचं खाद्य पिल्लांना खरंच घातक आहे, नर असोत की माद्या. अंडी देणाऱ्या कोंबडीला कवचासाठी चुना लागतो, म्हणून त्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरे. तिप्पट-चौपट चुना त्या इवल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. ती सुजतात, शरीरात युरिक आम्ल साठतं, आणि मेल्यावर पोट उघडलं तर काळजावर, यकृतावर खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात शिकत असताना मी हा थर पहिल्यांदा पाहिला. तोवर मला वाटायचं, खाद्य म्हणजे खाद्य, जास्त ताकदीचं असलं तर बरंच. ती गोणी शेजारी कोणाकडे अंड्यावरच्या कोंबड्या असतील त्यांना देऊन टाका.

तुम्ही मागायचं ते "चिक स्टार्टर" किंवा "चिक मॅश". पाकिटावर प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास हवीत. दाणा बारीक, रव्याहून जाड आणि साबुदाण्याहून लहान. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर मिळालं तर अडीनडीला चालेल, पण ते दीड महिन्यात किलो-दोन किलो वजन चढवण्यासाठी बनवलेलं असतं, तुम्हाला ती घाई नाही. आठ आठवडे झाले की ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, त्यात प्रथिनं पंधरा-सोळा टक्के. लेअरचं खाद्य अंडी सुरू होतील तेव्हा, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा कधीच नाही. किती लागेल? अंड्याच्या जातीचं पिल्लू आठ आठवड्यांत मिळून साधारण दीड किलो खातं. चार पिल्लांना उरलेल्या पाच आठवड्यांसाठी चार-पाच किलो पुरे. पण तेही एकदम आणू नका. किलो-किलोने आणा. सुटं देत नसेल तर शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या.

एवढी काटकसर कशाला, तर पावसाळ्यासाठी. मक्यात आणि शेंगदाणा पेंडीत ओल शिरली की बुरशी धरते आणि ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० मध्ये इंग्लंडात लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण सापडेना म्हणून आधी त्याला "टर्की एक्स" रोग म्हणाले, आणि शेवटी दोष निघाला खाद्यातल्या बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. या विषाला वास नाही, रंग नाही. गोणीत गोळे झालेत, कुबट वास येतोय, इतपत खूण मिळाली तर नशीब समजा. मग ते खाद्य उन्हात वाळवून परत वापरायचं नाही. आपण पापड-सांडगे वाळवणारी माणसं, ओल गेली की माल सुधारला असं आपल्याला वाटतं. इथे बुरशी वाळते, विष तसंच राहतं, भाजूनही पूर्ण जात नाही. टाकून द्या, आणि टाकतानाही दुसऱ्याच्या कोंबड्या खातील असं टाकू नका. चांगलं खाद्य घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. रोजचं तेवढंच वाटीत काढा. संध्याकाळी उरलेलं ओलं खाद्य रात्रभर वाटीत ठेवू नका, त्यावर उंदीर-घुशी येतात.

जवळा घाला. कोळ्याच्या घरी जवळा बंद करा सांगणारी मी कोण! प्रथिनं भरपूर आहेत त्यात. पण मीठ लावलेला नको, आणि बोंबील-सुकटीचा खारा चुरा तर मुळीच नको. मिठाच्या बाबतीत पिल्लं फार नाजूक, त्यांच्या खाद्यात अर्धा टक्काही मीठ नसतं. जवळा पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, वाळू खाली बसू देऊन मग चिमूटभर. कणीही खाऊ म्हणून चालेल, पण दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. धान्य घालायला लागलात की वाटीशेजारी थोडी जाड रेती ठेवा. कोंबडीला दात नाहीत, ती पेट्यातल्या खड्यांनी दळते. समुद्राची रेती असेल तर खारटपणा जाईपर्यंत धुवा. शिंपल्याचा चुरा नको, तो परत चुनाच.

आता जाऊबाईंचा सल्ला. मांजराच्या पाकिटात ताकद जास्त हे खरं आहे, तीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. पण ती मांजराच्या मापाने मोजलेली. दोन-चार दाणे पडले तर पिल्लाचं काही बिघडत नाही, पण रोजचं जेवण म्हणून ते चुकीचं आहे आणि महागही. उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे, ती कोणी बघत नाही. बंड्या पिल्लांच्या वाटीत तोंड घालतो म्हणालात ना, ते थांबवा.

पिल्लांच्या बऱ्याच खाद्यांत रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असतं. त्यातली मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही नावं पाकिटावर शोधा. कोंबडीला ती ठरलेल्या मात्रेत चालतात, दुसऱ्या प्राण्यांना नाही. १९९६ मध्ये नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये मांजरांच्या कोरड्या खाद्यात चुकून सॅलिनोमायसिन मिसळलं गेलं आणि शेकडो मांजरांचे पाय लुळे पडले, आधी मागचे, मग पुढचेही. एखादी चाट मारल्याने बंड्याला काही होणार नाही, पण रोज वाटी साफ करत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. तो मागच्या पायांनी लडखडतोय, पूर्वी चढायचा त्या ओट्यावर उडी मारत नाही, असं दिसलं तर लगेच दवाखाना, आणि खाद्याचं पाकीट सोबत न्या. शिवाय मांजराला टॉरीन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, मक्या-सोयाबीनमध्ये तो नाही. त्याच्या कमतरतेने मांजराचं हृदय सुजतं, हे १९८७ साली सिद्ध झालं. अगदी साध्या, औषध नसलेल्या चिक मॅशवरही मांजर जगू शकत नाही.

त्याच्या कलेजी-पेट्याबद्दल : आणा, पण उकडून घाला. कच्चा नको. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मांजर त्याच कुळातलं, आणि हा रोग कच्च्या कोंबडीच्या मांसातूनही येऊ शकतो. बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही, भारतातली पहिली साथ २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात आली होती. घाबरून जायचं कारण नाही, पातेल्यात पाणी उकळायचं एवढंच. आणि पिल्लू मेलं तर बंड्यापुढे टाकायचं नाही, उकिरड्यावरही नाही. खोल खड्डा, वर चुना. एकदम दोन-चार गेली, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

बंड्या निर्दोष आहे याचा अर्थ तो साधू आहे असा नव्हे. आजवर त्याने काही केलं नाही कारण पिल्लं खोक्यात होती. चार-सहा आठवड्यांत ती परसात धावायला, फडफडायला लागतील, आणि धावणारं, चिवचिवणारं काही दिसलं की मांजराच्या आतलं जे जागं होतं त्याला घरचं-बाहेरचं कळत नाही. माझ्या आईकडे, कोकणात, एक मनी होती. कोंबडीच्या शेजारी झोपायची, तिच्या पिल्लांना अंगावर चढू द्यायची. आई चार जणांना बोलावून दाखवायची. एका दुपारी सहातली पाच उरली. मनी तिथेच झोपली होती, मिशीला पीस. त्यानंतर आईने डालग्यावर पाटा ठेवायला सुरुवात केली.

म्हणून जाळी. कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पंज्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच भोकांची वेल्डेड जाळी घ्या, वरूनही झाका, मढला घारी आणि कावळे काही कमी नाहीत. जाळीला आतून एक वीतभर उंच पत्रा किंवा फळी लावा, म्हणजे पिल्लं कडेला टेकून झोपली तरी नखात येणार नाहीत. बंड्याला सकाळी पिल्लांच्या आधी खायला घाला. पोट भरल्याने शिकारीची खोड जात नाही, पण पिल्लांच्या वाटीशी भांडण कमी होतं. आणि कधी त्याने चावा घेतलाच, अगदी टाचणीएवढा ठिपका असला तरी "काही झालं नाही" म्हणून सोडू नका. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं, आणि ते डॉक्टरने दिलेलं. दुकानात पुडीतलं "कोंबड्यांचं अँटिबायोटिक" मागून पाण्यात ढवळायचं नाही.

सूनबाईंना सांगा, बोक्याला मार्केटात सोडायचं नाही. पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय दोनच दिवसांत घुशी येतील. घूस जाळीखालून माती उकरते आणि पिल्लू ओढून नेते. बंड्याच्या वासानेच ती लांब राहते. त्याची ही नोकरी कोणी मोजत नाही.

तीन ते सहा आठवडे हा रक्ती हगवणीचाही काळ, आणि तुमची पिल्लं नेमकी त्यात आहेत. तूस ओलं झालं की बदला, रोज बदलावं लागलं तरी. विष्ठेत लाल दिसलं, पिल्लू पाठ फुगवून बसलं, तर थांबू नका, अँप्रोलियम हे औषध वेळेवर मिळालं तर बहुतेक वाचतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस या पिल्लांना झालेली असेल असं समजू नका. डोळ्यात एक थेंब टाकायची लासोटा लस असते, पण कुपी शे-दोनशे पिल्लांची असते आणि एकदा फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. चार पिल्लांसाठी तुम्हाला कोणी फोडून देणार नाही. कोळीवाड्यात आणखी कोणाकोणाच्या कोंबड्या आहेत त्या मोजा आणि मिळून एक दिवस ठरवा. पुढच्या वेळी पिल्लं हवी असतील तर हातगाडीवरून नका आणू. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे चौकशी करा.

नातवाला पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा आणि त्यांचे मुके घेऊ देऊ नका, मुलांना यानेही जुलाब होतात. रंगाचं विचारेल तो. पिसं गळून नवी आली की गुलाबी, हिरवं सगळं जातं, खाली पांढरा कोंबडा निघतो. तोवर त्याला नावं ठेवू द्या. चार महिन्यांनी पहाटे चारला चौघे एकदम आरवायला लागले आणि शेजारी दारात आले, की मला परत लिहा.